कोंबड्यांच्या शेडमध्ये गादी कशाची: तूस, भुसा की पऱ्हाटीची कुट्टी?

प्रश्न थोडक्यात असा: पारोळा तालुक्यात शेतातच १५ बाय २० फुटांचं शेड आहे. गावरान पद्धतीच्या १५० कोंबड्या, आणि शेडला लागून ३० बाय ४० फुटांचं जाळी मारलेलं मोकळं आवार. जमीन काळी. गावातल्या सॉ मिलमध्ये लाकडाचा भुसा फुकट मिळतो. भाताचं तूस नवापूरकडून आणायचं तर भाडंच जास्त होतं. घरच्या कपाशीच्या पऱ्हाट्या बांधावर पडून आहेत. शेडमध्ये काय टाकावं, आणि आवारात वाळू टाकली तर चालेल का?

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. शेडमध्ये तूस. फुकटचा भुसा वापरायचाच असेल तर तळाशी एक इंच, तोही कडक वाळवून. पऱ्हाट्यांची कुट्टी आवारात, शेडमध्ये नाही. वाळू आवारात पसरू नका, धूळस्नानासाठी एक छोटी पेटी भरा तेवढी पुरे.

गादी निवडताना सगळे ‘पाणी किती शोषतं’ एवढंच विचारतात, आणि तिथेच भुसा बाजी मारतो. शोषलेलं पाणी ती किती लवकर सोडते, हे कोणी पाहत नाही. तुमचा हिशोब मांडू. १५० मोठ्या कोंबड्या दिवसाला १५-१६ किलो खाद्य खातात आणि त्याच्या दुप्पट, म्हणजे ३०-३५ लिटर पाणी पितात. ऊन ४४-४५ अंशांवर गेलं की हेच पाणी ६० लिटरच्या पुढे जातं. त्यातला मोठा भाग विष्ठेतून खाली पडतो, रोज. एवढं पाणी पोटात साठवून ठेवील अशी गादी जगात नाही. ते वाऱ्यावाटे बाहेर गेलं पाहिजे, आणि गादीने त्याला वाट दिली पाहिजे.

तूस इथे कामाचं ठरतं. तुसात १५ ते २० टक्के राख असते आणि ती बहुतेक सगळी सिलिका. त्यामुळे ते लवकर कुजत नाही, पायाखाली दबून घट्ट होत नाही, दोन तुसांमध्ये हवा खेळती राहते. शोषण्यात ते भुशापेक्षा कमी आहे, हे खरं. पण दाताळ्याने खाली-वर केलं की अर्ध्या दिवसात वरचा थर मोकळा होतो. सॉ मिलचा बारीक भुसा उलट वागतो. पाणी भराभर पितो, फुगतो, वर पापुद्रा धरतो आणि आत ओला राहतो. त्याखाली बुरशी येते. शिवाय करवतीखाली येणारं लाकूड बऱ्याचदा ओलं असतं, तेव्हा मिलमधून आणलेला भुसा मुळातच दमट असतो. तो दोन इंच थरात पसरून तीन-चार दिवस उन्हात वाळवा, रोज दोनदा फिरवा. मूठभर हातात घेऊन फुंकर मारल्यावर धुरळा उडाला म्हणजे झालं. प्लायवूड, एमडीएफ, रंग किंवा वाळवीचं औषध लावलेलं लाकूड जिथे कापतात तिथला भुसा फुकट दिला तरी घेऊ नका. सुताराकडे साध्या लाकडाला रंधा मारताना निघणाऱ्या गुंडाळ्या मिळाल्या तर त्या मात्र सोडू नका. त्या तुसाइतक्याच चांगल्या, क्वचित सरसही. अडचण एवढीच की १५० कोंबड्यांपुरत्या एका ठिकाणी मिळत नाहीत.

आता भाड्याचं. तूस हलकं, घनमीटरला शंभर-सव्वाशे किलोच भरतं. ५० किलो धान्याच्या गोणीत ते ६ ते ८ किलो बसतं. तुमच्या ३०० चौरस फुटांत ३ इंच थर म्हणजे ७५ घनफूट, साधारण २२० ते २४० किलो, ३२ ते ३५ गोण्या. तळाशी इंचभर भुसा घातलात तर तूस दोन इंचांचं लागेल, म्हणजे २२-२३ गोण्या. पावसाळ्यात भर घालायला आणखी दहा. एकदाच गाडी भरून आणा, म्हणजे भाडं एकदाच लागतं. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास आणलंत तर गिरणीतलं तूस कोरडं मिळतं, आणि मृग लागायच्या आधी गादीला निदान महिना-सव्वा महिना तरी मिळतो. नवी गादी ऐन पावसात टाकणं ही सगळ्यात महागातली चूक. तिच्यात विष्ठा पचवणारे जिवाणू अजून बसलेले नसतात, त्यात दमट हवा, म्हणून पंधरा दिवसांत चिखल. खोल गादीची पद्धत (जुनी न काढता वर्षभर त्याच गादीवर भर घालत जायची) धरायची असेल तर पावसाच्या दोन महिने आधी सुरुवात करावी, असं पोल्ट्रीच्या शिकवणीत सांगतात ते याचसाठी.

घेताना गोणीच्या मध्यात कोपरापर्यंत हात घाला. आत कोमट लागलं तर ते तूस ओलं होऊन तापलंय, परत द्या. वास घ्या, तळघरासारखा कोंदट वास म्हणजे बुरशी. अ‍ॅस्परजिलस नावाची ही बुरशी पिलांच्या फुप्फुसात बसते. पिलं चोच उघडून धापा टाकतात आणि त्यावर धड उपाय नसतो. तुसात कणी जास्त असेल तर उंदीर येतील. आणि गोण्या नव्या घ्या, किंवा धान्याच्या. दुसऱ्याच्या पोल्ट्रीतून फिरून आलेल्या गोण्या शेडच्या दारातही नकोत. नवापुरात २००६ साली देशातला पहिला बर्ड फ्लू आला आणि २०२१ मध्ये तिथेच पुन्हा आला, हे खान्देशात वेगळं सांगायला नको. विष्ठेने माखलेली गोणी, खोरं, चप्पल यांवरून रोग एका शेडमधून दुसऱ्यात जातो.

आपल्याकडे मिळणाऱ्या बाकीच्या गोष्टींचं भरभर सांगतो. शेंगांची टरफलं हलकी आणि शोषक, पण ओल लागली की त्यावर अफ्लाटॉक्सिन नावाचं विष बनवणारी बुरशी येते. यंदाची, खडखडीत वाळलेली, ठेचून बारीक केलेली असतील तर मोठ्या कोंबड्यांखाली तुसात मिसळून चालतात, पिलांखाली नाही. गव्हाचा मळणीयंत्रातला भुसा एकटा टाकला तर थापा धरतो, म्हणजे दबून घट्ट थर होतो. निम्मं तूस मिसळून चालेल. पण दुष्काळी वर्षात तो गुरांच्या तोंडातून काढून कोंबड्यांच्या पायाखाली घालणं परवडत नाही. दादरचा (रब्बी ज्वारीचा) कडबा तर कोणी घालणारच नाही. केळीचा वाळलेला पाला रावेर-यावलकडे ढिगाने मिळतो, पण तो पाणी धरून सडतो. दाणे काढून उरलेली मक्याची कणसं भरडून घेतली तर तुसात मिसळायला बरी. अख्खी टाकली तर आतून बुरशी धरतात. जिनिंगमधला कचरा मात्र अजिबात नको. त्यातले रुईचे धागे पायांना गुंडाळतात, आणि कोंबडीने गिळले तर अन्ननळीच्या पिशवीत गोळा होऊन अडकतो.

पऱ्हाटीचं थोडं सविस्तर, कारण तो घरचा माल आहे आणि नीट वापरला तर चांगला आहे. श्रेडरमधून (कुट्टी करणाऱ्या यंत्रातून) काढलेल्या काड्यांची टोकं टणक आणि तिरपी असतात. बंद शेडमध्ये कोंबडी मचाणावरून उडी मारते ती त्या टोकावर. तळव्याला बारीक जखम होते, त्यात विष्ठेतले जंतू शिरतात आणि आठवडाभरात तळव्याखाली काळी खपली असलेली गाठ दिसते. लंगडणारी कोंबडी उचलून तळवा पाहिलात की कळेल. म्हणून शेडमध्ये नको. आवारात कोंबड्या उड्या मारत नाहीत, उकरतात. तिथे हीच कुट्टी पाय चिखलाच्या वर ठेवते आणि दोन पावसाळे टिकते. कुट्टी दोन-तीन सेंटिमीटरची असावी. शेवटच्या फवारणीनंतर बरेच आठवडे उभ्या राहिलेल्या पऱ्हाट्याच घ्या. बोंडांना चिकटलेली कवडी (किडका कापूस) आधी काढून टाका. आणि बांधावर ढीग लावून मृगापर्यंत ठेवू नका. न फुटलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत बसलेली असते, तुमच्याच पुढच्या कपाशीवर उतरते. श्रेडर आत्ताच लावा, म्हणजे दोन्ही कामं होतात.

थर किती? मोठ्या कोंबड्यांना पावसाळ्यात आणि थंडीत ३ ते ४ इंच. आपल्याकडे जानेवारीत पारा १० च्या खाली जातो, तेव्हा ४ इंच अंगाला ऊब देतात. एप्रिल-मेमध्ये हीच जाड गादी अंगाशी येते, कारण कुजणाऱ्या गादीतून स्वतःची उष्णता निघते आणि वर पत्रा तापलेला असतो. उन्हाळ्यात २ इंचांवर आणा आणि एका बाजूची तीन-चार फुटांची पट्टी अगदी पातळ ठेवा. दुपारी कोंबड्या उकरून गार फरशीला पोट टेकून बसलेल्या तिथेच सापडतील. अंड्यांच्या खोक्यात ३ इंच तूस, दर आठवड्याला बदलायचं. तिथे बारीक भुसा नको, ओल्या अंड्याला तो चिकटून वाळतो आणि निघता निघत नाही. पिलांखाली २ इंच तूस, त्यावर पहिले दोन-तीन दिवस नालीदार पुठ्ठ्याचा कागद. गुळगुळीत वर्तमानपत्रावर पिलांचे पाय फाकतात आणि काहींचे तसेच राहतात. कागद न घालता नुसता भुसा टाकला तर पिलं तो खाद्य समजून खातात. तिसऱ्या दिवशी ती खाद्याच्या भांड्याकडे स्वतःहून जाऊ लागली की कागद काढून टाका.

ओल मोजायला यंत्र लागत नाही. पाण्याच्या भांड्याजवळून, मचाणाखालून आणि शेडच्या मधून, अशी तीन ठिकाणची मूठभर गादी घ्या. वरवरची नको, बोटं दोन इंच खाली घालून. घट्ट दाबा आणि मूठ उघडा. गोळा बनलाच नाही आणि धूळ उडाली, तर ओल २० टक्क्यांच्या खाली. धुळीने कोंबड्या शिंकतील. गोळा बनला पण अंगठ्याने हलकं टोचताच विस्कटला, तर २०-२५ टक्के, हीच हवी ती अवस्था. गोळा तसाच राहिला आणि तळहात दमट झाला, तर ३५ च्या पुढे गेली आहे. नेमका आकडा हवा असेल तर १ किलो गादी काळ्या प्लास्टिकवर पातळ पसरून कडक उन्हात वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवा. ७५० ग्रॅम उरली तर ओल २५ टक्के.

तिन्हींपैकी पाण्याच्या भांड्याजवळचीच मूठ बिघडलेली असेल तर दोष गादीचा नाही, भांड्याचा आहे. पाण्याच्या नळीला लावलेल्या निपलमधून सेकंदाला एक थेंब गळला तर दिवसाला चारेक लिटर पाणी एकाच जागी मुरतं. भांड्याची कड कोंबडीच्या पाठीच्या पातळीला असावी. खाली असेल तर त्या चोचीने पाणी उडवतात, गादी उकरून भांड्यात भरतात. भांडं विटांवर, किंवा दीड-दोन फुटांच्या लाकडी चौकटीला जाळी मारून त्यावर ठेवा. सांडलेलं जाळीखाली जातं. मे महिन्यात फॉगर (धुक्यासारखं बारीक पाणी फवारणारं यंत्र) लावत असाल तर दोन-तीन मिनिटं चालू, दहा मिनिटं बंद, आणि खाली गादीला हात लावून पाहत राहा. ओले गोणपाट टांगणाऱ्यांनी त्याचं पाणी आत ठिबकत नाही ना, एवढं बघावं. मधलीही मूठ ओली, विष्ठाच पातळ, असं दिसलं तर खाद्यातलं मीठ तपासा. मीठ जास्त झालं की कोंबडी पाणी जास्त पिते आणि गादी कितीही बदलली तरी ओलीच होते.

आठवड्यातून दोनदा दाताळ्याने पूर्ण गादी खालपर्यंत हलवायची, पावसाळ्यात एक दिवसाआड. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, भर दुपारी नाही. मचाणाखाली मूठ-दोन मूठ गहू किंवा बाजरी टाकली तर निम्मं काम कोंबड्याच करतात. जिथे थापा धरली आहे ती हलवून मिसळू नका. खोऱ्याने उचला, बाहेर टाका, तिथे कोरडं तूस भरा. ओली थापा सगळीकडे मिसळली की एका कोपऱ्यातली ओल शेडभर होते.

गादी कोरडी ठेवायचं खरं कारण रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस. विष्ठेतून पडलेली त्याच्या जंतूंची अंडी लगेच रोग लावत नाहीत. त्यांना ऊब, हवा आणि ओल मिळाली की एक-दोन दिवसांत ती तयार होतात. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे तिन्ही गोष्टी एकदम मिळतात. फिनाइल आणि चुना या अंड्यांचं फारसं काही करू शकत नाहीत. कोरडेपणा करतो.

दुसरा त्रास अमोनियाचा. शेडमध्ये उभं राहून वास घेतला तर फसाल. पहाटे पडदे उघडण्याआधी आत जा, कोंबडीच्या उंचीला खाली बसा आणि मिनिटभर थांबा. डोळे चुरचुरले तर कोंबड्यांना रात्रभर त्याहून जास्त त्रास झाला आहे. रोज आत जाणाऱ्याचं नाक मरतं, म्हणून अधूनमधून घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी आत न्या.

यावर बहुतेक जण चुना टाकतात, आणि इथे माझं मत रूढ सल्ल्यापेक्षा वेगळं आहे. अमोनिया अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाच्या, गादीतून जास्त सुटतो. चुना अल्कधर्मी आहे. ओल्या, वास मारणाऱ्या गादीवर चुना टाकून कोंबड्या आतच ठेवल्या तर पहिले एक-दोन दिवस वास उलट वाढतो. चुना रिकाम्या शेडमध्ये वापरा: गादी काढून, फरशी धुऊन, वाळवून, चुन्याची सफेदी फरशीवर आणि दोन फूट भिंतीवर मारा, तीन दिवस सुकू द्या, मग नवी गादी. चालू गादीत टाकायचाच असेल तर ती कोरडी असताना, विझवलेल्या चुन्याची पूड १०० चौरस फुटांना १ किलो, दाताळ्याने मिसळून, पडदे उघडे ठेवून. कळीचा (न विझवलेला) चुना नको, तळवे भाजतात. अमोनिया कमी करायला तुरटी चांगली; ती गादी आम्ल करते. १०० चौरस फुटांना अडीच किलो बारीक पूड, तोंडाला फडकं बांधून पसरा आणि वरच्या थरात हलवा. तुरटी नसेल तर सिंगल सुपर फॉस्फेटची पूड १०० चौरस फुटांना १ किलो चालते. दाणेदार खत घेऊ नका, कोंबड्या दाणे टिपतात. पण आधी ओली थापा उचला आणि पडद्याची वरची बाजू रात्रीही फूटभर उघडी ठेवा. पडदा खालून वर ओढायचा असतो, म्हणजे वरून हवा जाते आणि खालून पाऊस अडतो. वरून खाली सोडलेला पडदा असेल तर तो आधी बदला.

आता आवार. काळी जमीन पावसात फुगते, पाणी खाली सोडत नाही. तिच्यावर वाळू पसरली तर पहिल्याच मोठ्या पावसात कोंबड्यांच्या पायांनी ती मातीत कालवली जाते आणि गाऱ्यासारखा राडा होतो. वाळू पाणी वाहून जाऊ देते, पण खाली निचरा असेल तर. शिवाय वैशाखात उघड्यावरची वाळू पाय भाजेल इतकी तापते, आणि गिरणा-तापीच्या वाळूचा आजचा भाव धरला तर विषयच संपतो.

सुरुवात पत्र्यापासून करा. ३०० चौरस फुटांच्या पत्र्यावर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर १,४०० लिटर पाणी खाली येतं. ते शेडच्या दारातच पडत असेल तर आवारात काहीही टाका, वाहून जाईल. पन्हळ लावून ते पाणी आवाराबाहेर काढा, पत्रा भिंतीपासून तीन फूट पुढे घ्या. मग आवाराला शेडपासून बाहेर उतार द्या, ४० फुटांत ९-१० इंच, आणि खालच्या कडेला फूटभर खोल चारी. त्यावर मुरूम. पूर्ण १,२०० चौरस फुटांना ४ इंच म्हणजे ४ ब्रास. पैसे कमी असतील तर दारासमोरचे ३०० चौरस फूट ६ इंच करा, दीड ब्रासमध्ये होतं. कोंबड्यांची नव्वद टक्के ये-जा तिथेच असते. मुरूम धुमसून घ्या, मग पऱ्हाटीची कुट्टी ४ इंच. वर्षभरात ती निम्मी होते, पोळ्याच्या सुमारास वरून भर घाला. सगळं आवार झाकायची गरज नाही. उरलेला भाग दोन तुकड्यांत जाळीने विभागून पाळीपाळीने मोकळा ठेवा, म्हणजे एका भागावर ऊन पडतं.

धूळस्नानाची पेटी ३ बाय ४ फुटांची, एक फूट खोल, छपराखाली. जाड वाळू, कोरडी माती आणि चाळलेली चुलीची राख सारख्या भागाने. ओली झाली की उपयोग शून्य, म्हणून छपराखालीच.

गादी काढायची कधी? रोग नसेल तर वर्षातून एकदा, मार्च-एप्रिलमध्ये. रोग येऊन गेला असेल तर लगेच, आणि ती पुन्हा वापरायची नाही. खोल गादीवरच्या ३५ कोंबड्यांमागे वर्षाला साधारण एक टन खत धरतात, तेव्हा तुम्हाला चार टनांच्या आसपास मिळेल. ते ताजं कपाशीत किंवा केळीला घालू नका, मुळं भाजतात आणि माश्या होतात. चार फूट उंच ढीग लावा, मुठीतून पाणी न गळेल इतपत ओलवा, प्लास्टिकने झाका. तीन-चार दिवसांत आत हात ठेवता येणार नाही इतका तापतो. आठवड्याने पलटी मारा, असं तीनदा. ढीग तापायचा थांबला आणि अमोनियाचा वास गेला की शेतात न्या. केळीला खोडाला चिकटवून नाही, फूटभर लांब, आणि त्यावर माती.